एकच लांब भिंग

पिंपळे गुरवच्या अर्जुनरावाला पाखरांचं वेड होतं. त्याच्या मळ्याच्या कडेनं पवना वाहायची आणि तिच्या दरडीत कवड्या खंड्याचं बीळ होतं. तो काळापांढरा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबे आणि दगडासारखा खाली पडे. त्याचा फोटो काढायचाच, असं अर्जुनरावानं मनाशी धरलं होतं.

ऊस कारखान्याला गेल्यावर तो सोपानरावाला घेऊन पुण्याला कॅम्पात गेला. सोपानराव त्याचा शाळेपासूनचा मित्र. पिंपरीला नोकरी, घरी स्वतःचा कॅमेरा. त्यातलं त्याला कळतं म्हणून अर्जुनरावानं सगळं त्याच्यावरच सोपवलं.

दुकानदारानं दोन कॅमेरे काढले. एक दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून बघायचा. त्याचं भिंग बदलता येत नव्हतं. दुसऱ्याला हातभर लांब भिंग बसायचं. ते लावून अर्जुनरावानं तारेवरचा कावळा पाहिला, तर चोचीवरची लवसुद्धा दिसली.

"सोपान, ह्योच घिऊ का रं?"

"येडा हायेस का? एवढं धूड हातात धरलंस की फोटो हलणार. दोन डोळ्यांचा घे. चित्र कसं स्वच्छ येतं बघ."

अर्जुनरावानं तो घेतला.

मग उन्हाळाभर तो नदीवर पडून राहिला. फोटोत खंड्या ज्वारीच्या दाण्याएवढा यायचा. जवळ सरकावं तर भुर्रकन उडून जायचा. "तुझा हातच बसंना अजून," सोपानराव म्हणायचा. अर्जुनरावाला ते पटायचं. त्यानंच हौसेनं मित्राला दरडीतलं बीळ दाखवलं होतं.

गणपतीत पिंपरीला सोपानरावाच्या कारखान्याच्या वसाहतीत फोटोंचं प्रदर्शन भरलं. दारातच मोठा फोटो लावलेला: पाण्यावर थांबलेला खंड्या, पीस न् पीस मोजून घ्यावं असा. मागं अर्जुनरावाच्या विहिरीची मोट. खाली सोपानरावाचं नाव.

अर्जुनरावानं सोपानरावाला गर्दीतून बाहेर ओढलं.

"ते भिंग तू घेतलंस?"

सोपानरावानं मान खाली घातली. "माझ्या कॅमेऱ्याला तेच बसतं. दुकानात एकच होतं रे. परदेशी माल, पुन्हा कधी आला असता?"

"मग तसं सांगायचं हुतंस. म्या सोडलं असतं तुझ्यासाठी."

"दर रविवारी तू वापर की. मी कुठं नाही म्हणतो?"

"उन्हाळाभर मी माझ्याच हाताला शिव्या घालतोय, सोपान. आन् तू ऐकत बसलास." अर्जुनरावानं त्याचा दंड सोडला. "आता माझ्या मळ्यात पाऊल टाकू नगंस."

घरी त्याची बायको अंबुबाई भाकरी थापत होती. "काय बघून आलासा?" तिनं विचारलं.

"आपल्या खंड्याचा फोटो."

"बरा आलाय?"

तो चुलीपाशी टेकला. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"लई झ्याक आलाय," तो म्हणाला, आणि ताट पुढं ओढून जेवायला लागला.