दोन फुटांवरून

लिझीने त्याला शर्टाची बटणं काढून पुन्हा लावायला सांगितली. कात्सुमी नागाओकाने निमूटपणे पाच बटणं काढली, पाच लावली. उजवा हात जराही थरथरला नाही. मग तिने त्याला कागदावर नाव लिहायला लावलं, काठोकाठ भरलेला पेला उचलायला लावला. पाण्याचा थेंब सांडला नाही. तिने मनगट सगळ्या बाजूंनी वळवून, अंगठ्याने दाबून पाहिलं. सूज नव्हती, कुठे आखडलेलं नव्हतं.

"दुखतं कुठे?"

"दुखत नाही," तो तुटक इंग्रजीत म्हणाला. "पण इजा आहे."

दोह्याच्या गोल्फ मैदानावर स्पर्धा सुरू होती आणि लिझीच्या हॉस्पिटलने तिला आठवडाभरासाठी खेळाडूंच्या वैद्यकीय तंबूत पाठवलं होतं. लिझी तुस्कानो मूळची वसईची, फिजिओथेरपिस्ट. चार वर्षांपासून नवऱ्याबरोबर, जॉनसनबरोबर, शहरालगतच्या अल वक्र्यात राहत होती. गोल्फमधलं तिला काही कळत नव्हतं. वाळवंटात एवढं हिरवंगार गवत राखायला किती पाणी लागत असेल, हाच विचार तिच्या मनात पहिल्या दिवशी आला होता.

नागाओका येण्याआधी फजल येऊन गेला होता. तो मैदानाचाच कामगार, एरवी गवत कापायचा. या आठवड्यात नागाओकाची बॅग वाहत होता. साहेबांचा लांबचा फटका असा जातो की बघत राहावं, असं त्याने हिंदीत सांगितलं. पण चेंडू होलपासून दोन फुटांवर आला की साहेबांचा चेहरा बदलतो. शेंबडं पोरही जो चेंडू ढकलून आत घालील, तो आज त्यांनी चारदा चुकवला. पाचव्या वेळी आपणच डोळे मिटून घेतले, हे सांगताना फजल ओशाळला होता.

लिझी नागाओकाच्या दंडाला तेल लावत होती तेव्हा तो थोडंथोडं बोलला. त्याचे वडील जपानमधल्या एका लहान बेटावर होडी चालवायचे. पंधराव्या वर्षी तो गोल्फच्या मैदानावर कामाला लागला. दिवसा चेंडू गोळा करायचे, तण उपटायचं आणि उजेड उरला तर खेळायचं. व्यावसायिक खेळाडू व्हायच्या परीक्षेत तो सहा वेळा नापास झाला. सातव्यांदा पास झाला तेव्हा वडील होडी किनाऱ्याला बांधून दिवसभर घरी बसले होते. त्यांनी तशी सुट्टी कधीच घेतली नव्हती. पुढे त्याने आपल्या देशात पाच स्पर्धा जिंकल्या. चहाच्या डब्यांवर त्याचं चित्र छापलं गेलं.

मग अठ्ठ्याण्णव सालचा शरद ऋतू आला. वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा होती आणि शेवटच्या होलला दोन फूट उरले होते. चेंडू आत गेला असता तर तो जिंकला असता. ऐन फटक्याच्या वेळी हाताला हिसका बसला आणि चेंडू होल ओलांडून चार फूट पुढे गेला.

त्याला आता चार वर्षं होत आली होती. वर्तमानपत्रांनी लिहिलं की नागाओका घाबरला. तो स्वतः मनगटाची इजा असंच सांगत राहिला. प्रशिक्षकाने त्याच्याकडून रोज हजार चेंडू ढकलून घेतले. कुणी सुया टोचल्या, एका भिक्षूने त्याला थंडीत धबधब्याखाली बसवलं. बायकोने टीव्हीवर त्याचा खेळ पाहणं सोडून दिलं. तो खेळत असला की ती भाजी आणायला बाहेर पडायची. आता देशात त्याला कुणी बोलवत नव्हतं. जिथून आमंत्रण येईल तिथे तो जायचा.

लिझीने तंबूतल्या चटईवर त्याचा चेंडू ठेवला, दोन फुटांवर एक पेला आडवा केला आणि त्याला फटका मारायला सांगितलं. तो वाकला. खांदे सैल, श्वास संथ. काठी चेंडूला लागणार तेवढ्यात उजवं मनगट कुणी मागून खेचावं तसं उसळलं. चेंडू पेल्याला वळसा घालून खाटेखाली गेला.

लिझीने हे पूर्वी पाहिलं होतं. काठीच्या जागी तेव्हा व्हायोलिन होतं.

तिचे वडील, इनास, गावच्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला व्हायोलिन वाजवायचे. ती आठवीत असताना त्यांच्या डाव्या हाताची करंगळी तारेवर ठेवली की आत वळायला लागली. विळा धरताना, घास उचलताना काही नाही, फक्त तारेवर. गावात कुणी म्हटलं, इनास प्यायला लागला. कुणी म्हटलं, गायकवृंदाशी भांडण झालं. त्यांनी खुलासा केला नाही. वाडीच्या कामातून वेळ होत नाही म्हणाले आणि चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसू लागले. मुंबईत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला एका पुस्तकात लिझीला त्या आजाराचं नाव सापडलं. तोवर पप्पांना जाऊन आठ महिने झाले होते.

नागाओका खाटेखालचा चेंडू घेऊन उभा राहिला.

"तुम्ही मनगटाची इजा लिहा," तो म्हणाला. "इजेमुळे माघार घेतली तर पुढच्या वर्षी माझी जागा राहते. नाही तर उद्या बाद झालो की संपलं."

लिझीने त्याला बसायला सांगितलं आणि ते नाव सांगितलं. डिस्टोनिया. मेंदूकडून हाताला जाणारा निरोप एका ठरावीक कामापुरता चुकतो, वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल करणाऱ्यांना हे होतं. लेखनिकांना होतं, वादकांना होतं. खात्रीचा उपाय नाही, हेही तिने सांगितलं.

त्याने हात उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे भीती नाही?"

होय म्हणणं सोपं होतं.

"भीती नंतर आली असेल," ती म्हणाली. "आधी हात."

त्याने तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, सावकाश. मग मान खाली घातली. लिझी पाठमोरी होऊन तेलाची बाटली पुसत राहिली.

तरीही तिने कागद लिहून दिला. उजव्या मनगटाची इजा, विश्रांती आवश्यक. मनगट म्हटलं की लोक मान डोलावतात; दुसरं काही म्हटलं की हसतात, हे तिने घरातच पाहिलं होतं. नागाओकाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकला.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जॉनसन मिस्साला एकटाच गेला. लिझी मैदानावर पोहोचली तेव्हा फजल बॅग खांद्यावर घेऊन निघालेला दिसला. पुढे नागाओका चालत होता.

दुपारी शेवटच्या होलपाशी ती जाऊन उभी राहिली. समुद्राकडून वारा सुटला होता. नागाओकाचा लांबचा फटका हवेत चढला, वाऱ्यात किंचित वळला आणि होलपासून हातभर अंतरावर उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो जवळ आला, वाकला. मनगट उसळलं. चेंडू बाजूने गेला. त्याने पुन्हा मारला, पुन्हा चुकला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तिसऱ्यांदा चेंडू आत पडला. नागाओकाने तो काढला, टोपी उतरवून होलला नमस्कार केला आणि फजलशी हात मिळवला. त्या दिवशी सगळ्यात जास्त फटके त्यालाच लागले होते, म्हणजे तो सगळ्यांत शेवटी होता.

बाहेर त्याच्या देशाचा एक वार्ताहर थांबला होता, आणखी दोघंतिघं होते. मनगटाचं कसं काय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. प्रश्न सहानुभूतीचाच होता.

"मनगटाला काही झालेलं नाही," नागाओका म्हणाला. त्याने आजाराचं नाव सांगितलं, ते चुकू नये म्हणून तुकडे पाडून. "चार वर्षं मी खोटं सांगत होतो. आज सांगितलं म्हणून उद्या चेंडू आत जाईल असं नाही. घरी जाईन. लांबचे फटके शिकवता येतील."

लिझीला पाहून तो थांबला नाही, फक्त वाकला. संध्याकाळच्या विमानाने तो गेला.

शनिवारी तंबूत फारसं काम नव्हतं. दुपारी एक उंच, तांबूस केसांचा खेळाडू आला. दोन दिवस तोच सगळ्यांच्या पुढे होता. फाटकाबाहेरच्या फलकावर त्याचा हसरा फोटो होता. पाठ आखडलीय म्हणाला आणि पालथा झोपला. लिझीने पाठ दाबून पाहिली. पाठ सैल होती.

तिने तसं सांगितल्यावर तो उठून बसला. तंबूच्या दाराशी गेला, बाहेर पाहिलं आणि कापडी पडदा स्वतःच खाली सोडला.

"काल तो जपानी माणूस जे म्हणाला," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते कितव्या वर्षापासून सुरू होऊ शकतं?"

त्याचं वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे नव्हतं. उजवा हात त्याने खिशात घातला होता.

लिझीने खुर्ची पुढे ओढली. तो बसला आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.