पालखीपुढची मशाल

अर्जुनरावांनी कादंबरीत सगळं बदललं होतं. गावाचं नाव बदललं, नदी बदलली, माणसांची आडनावंसुद्धा बदलली. गांधीहत्येनंतरच्या, अठ्ठेचाळीस सालच्या जाळपोळीत गावातल्या कुलकर्ण्यांचं घर पेटलं, ती हकीकत आईनं सांगितलेली. कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ती खपून लिहून काढली. पण एक गोष्ट बदलायची त्यांच्या डोक्यातच आली नाही. जमावाच्या पुढं जो गडी चालतो, त्याच्या हातात भैरवनाथाच्या पालखीपुढची मशाल तशीच राहिली.

परगावच्या वाचकाला मशाल म्हणजे मशाल. गावात मात्र तिचा मान एकाच भावकीचा. गुरवानं नुसतं तेल घालायचं, दांड्याला हात लावायचा नाही. दिवाळी अंकात ते प्रकरण छापून आलं, आणि जत्रा तोंडावर आली असताना धनेश दारात उभा राहिला. अठ्ठेचाळीस साली मशालीचा मान त्याच्या आज्याकडं होता. चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवणारा हा धनेश बोलायला मोठा मऊ.

"आण्णा, झकास लिव्हलंय. आमच्या मंडळींनी पुन्हापुन्हा वाचलं."

"आवडलं म्हणायचं."

"आवडलं म्हणून तर आलो." त्यानं बशीत चहा ओतला. "तेवढी मशाल आमच्याकडनं काढा."

"नाव कुणाचंच न्हाई त्यात, धनेश."

"नाव कशाला पायजे? शेंबडं पोर बी वळखतंय. खंडू गुरवाच्या घरात द्या ती. त्यांचं एकच घर, कोण इचारतंय?" तो चहा फुंकत राहिला. "तुमच्या समर्थचं बरं चाललंय ना कंपनीत? आमीच लावलेल्या माणसांत हाय त्यो. मोशीवरनं मोटरसायकलीवर येतोय म्हणं. संभाळून म्हणावं. कंटेनरवालं कसं बी चालवत्यात, आण्णा."

तो गेला. पुण्याहून प्रकाशनाच्या मिनलताई दुरुस्त पानं आजच मागत होत्या. अर्जुनरावांनी लाल पेन घेतलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'गुरवाने मशाल उचलली.' अक्षर इतकं वाकडं आलं की त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

त्यांच्या पत्नी कौशल्याबाई शेजारी गहू निवडत होत्या. अर्जुनरावांनी ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

"खंडूच्या पोरीचं लग्न जमतंय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

अर्जुनरावांनी ते खोडलं. मग कुणाच्याच हातात मशाल न देता कागदावर घर पेटवून पाहिलं.

"आवं, चूल तरी आपसूक पेटती का?"

"मग काय करू सांग! समर्थ त्याच्या तावडीत हाय."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. "माझ्या पोटचा हाय त्यो. मला नका इचारू."

रस्त्यावर कंटेनरचा हॉर्न वाजला की अर्जुनरावांचं पेन थांबायचं. शेवटी त्यांनी मशाल जिथं होती तिथंच, त्याच हातात, पुन्हा लिहिली. मन फिरायच्या आत फोटो काढून मिनलताईंना पाठवलाही.

घरात बसवेना म्हणून ते देवळाकडं निघाले. तिथं मांडव घालायचं काम चाललं होतं. धनेश खुर्ची टाकून बसलेला, भोवती त्याची पोरं. परत फिरावं म्हणून अर्जुनराव वळले, पण हाक आलीच.

"काय आण्णा, झालं का काम?"

सगळे बघायला लागले. पाठवलं तसं सांगून टाकावं, असं एकदा ओठावर आलं. पण समोरून एकाची मोटरसायकल गुरगुरत गेली आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"झालं. काढली तुमच्याकडनं."

धनेशनं उठून त्यांना मिठीच मारली. "मला ठाव होतं! आण्णा आपलं माणूस." मग तो मांडवभर ऐकू जाईल असं ओरडला, "ऐका रे! औंदा पालखी उठायच्या आधी आण्णा त्यांच्या पुस्तकातलं मशालीचं पान वाचणार. माइकवर. पाहुणं, पुढारी, समद्यांसमोर."

"पुस्तक अजून छापलं न्हाई," अर्जुनराव कसेबसे म्हणाले.

"छापखान्यात दिलेला कागद आणा. तुमच्या हातचाच बरा. मी शेजारी उभा ऱ्हातो."

खांद्यावरचा त्याचा हात निघेना. पायरीवर मशालीच्या चिंध्या बांधत बसलेल्या खंडूनं वर पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"आण्णा, आमचं घर बी हाय म्हणत्यात धनेशदादा, पुस्तकात? खरं व्हय?"