बुधवारचा उपास

शांतवनने डब्याचं झाकण काढलं आणि नाक खिडकीकडं वळवलं. नाकाला उपास कळत नाही, हा त्याचा जुना अनुभव होता.

वांग्याची भाजी, आमटी-भात, शेंगदाण्याची चटणी, दोन भाकऱ्या. त्याचंच दुपारचं जेवण. निपाणीतल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची रीतच तशी होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या, लेंटच्या दिवसांत दर शुक्रवारी दुपारी आपण उपाशी राहायचं, आपल्या वाटणीचा डबा आपल्या हातानं बालकाश्रमात न्यायचा आणि एका लेकराला समोर बसून जेवू घालायचं. तंबाखूच्या वखारीतून मुकादम म्हणून निवृत्त झालेल्या शांतवनने ती रीत सव्वीस वर्षं पाळली होती. एकदाच, बोलता बोलता, एक शेंगदाणा तोंडात गेला होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं. शांतवनने अजून नेलेलं नव्हतं.

आज समोर नीलम होती, आठ वर्षांची. तिची आई विड्या वळायची. ती गेल्या आठवड्यात वारली. आश्रम सांभाळणाऱ्या जयाक्कांनी शांतवनला दारातच गाठलं होतं.

"अण्णा, परवा आलीय पोरगी. पाण्याबिगर पोटात काय न्हाय. ताट वाढलं की माझ्याच तोंडाकडं बघती. तुमी जेवलासा काय म्हनती. मी मागनं जेवते म्हटलं की ताट सारती. आज न्हाय खाल्लं तर दवाखान्यात न्यायची बघा."

शांतवनने डबा नीलमपुढं सरकवला.

"खा गं, बाळ."

"तुमी?"

"माझा उपास हाय."

नीलमचा भाकरीकडं निघालेला हात थांबला. तिनं तो मागं घेतला आणि मांडीखाली घातला.

"कुनाचा?"

"येशूचा."

तिनं दुसऱ्या हाताची बोटं मोजली. "आईचा सोमवारी म्हादेवाचा असायचा. मंगळवारी आंबाबाईचा. गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी लक्ष्मीचा, शनवारी मारुतीचा."

शांतवनला गंमत वाटली. इतकी कडक बाई त्यांच्या मंडळीतसुद्धा नव्हती.

"मग रविवारी सुट्टी व्हय?"

"रविवारी जोतिबा."

"आन् बुधवारी गं?"

"बुधवारी कुनाचा ते आईला आठवायचं न्हाय. तरीबी धरायची."

शांतवनच्या चेहऱ्यावर आलेलं हसू तिथंच राहिलं. त्याला पुढं कुठं जायचं ते सुचेना.

तेवढ्यात त्याच्या पोटात वखारीचं शटर ओढल्यासारखा आवाज झाला. एरवी चर्चमध्ये असं झालं की तो खोकायचा. आज खोकायचं राहून गेलं.

"आईचंबी पोट असंच बोलायचं," नीलम म्हणाली. "गॅस झालाय म्हनायची."

शांतवनने दाराकडं वळून हाक मारली.

"जयाक्का, एक ताटली द्या."

"डब्यातच खाऊ दे की तिला."

"मला."

जयाक्कांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. त्यांना सव्वीस वर्षं ठाऊक होती आणि शेंगदाणाही. त्यांनी तोंड मिटलं आणि ताटली आणली.

शांतवनने एक भाकरी आपल्याकडं घेतली, तुकडा मोडला, तोंडात घातला. नीलम त्याच्या गळ्याकडं बघत होती. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"गिळला?"

त्यानं आ करून दाखवलं. तिनं वाकून, मान तिरकी करून, जिभेखालीसुद्धा तपासलं. मग मांडीखालचा हात काढला आणि दुसरी भाकरी घेतली. तीन-चार घास खाऊन झाल्यावर तिनं चटणी त्याच्याकडं सरकवली. त्यानं तीही खाल्ली.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोनं, मंगलनं, उपास सोडायला ताट वाढलं. शुक्रवारची म्हणून खीर होती.

"आश्रमात नवी पोरगी आलीय. पुढल्या शुक्रवारी चार भाकऱ्या घाल डब्यात," शांतवन म्हणाला.

"चार? एवढं खाती ती पोरगी?"

"दोन तिच्या."

मंगलनं खिरीची वाटी ताटात ठेवली.

"बसा. गार हुतंय. मी जेवते मागनं."

शांतवनचा खिरीकडं गेलेला हात थांबला. त्यानं तो मागं घेतला आणि मांडीखाली घातला.