पुलीवरची खूण

भिमाजी मामांची जीप तीच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा कुंदनला ओशाळल्यासारखं झालं. महिन्यापूर्वी त्यानंच तिचं बसलेलं इंजिन काढून दुसरं, जुन्या बाजारातलं पेट्रोल इंजिन चढवलं होतं. इतर कुणाची गाडी असती तर एवढं वाटलं नसतं. पण हे मनीषाचे वडील, त्याचे सासरे.

"वणीचा चढ लागला की लय तापती ओ, पाव्हणं," मामा उतरत म्हणाले. "बॉनेटचा रंगबी फुगला. घाई नाय, सवडीनं बघा."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं कुंदनला वाटलं.

त्यानं इंजिन चालू करून थोडा वेळ रेस दिली आणि बॉनेट उघडलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड भट्टीतल्या लोखंडासारखा लाल झाला होता. पाण्याचा काटा मात्र जागच्या जागी. म्हणजे रेडिएटर ठीक होता.

मागच्या खेपेला त्यानं कार्बोरेटर खोलून साफ केला होता. आज सायलेन्सर चोंदला असेल म्हणून पाईप सोडवून इंजिन चालू केलं. त्या आवाजानं शेजारचे दुकानदार बाहेर आले. मॅनिफोल्ड तसाच लाल. आता राहिलं टायमिंग. ठिणगी उशिरा पडली की जाळ सिलिंडरमध्ये विझत नाही, धुराबरोबर बाहेरच्या पाईपात शिरतो. पण टायमिंग तर त्यानं स्वतः ठिणगीसरशी लुकलुकणारी टायमिंग लाईट लावून मिळवलं होतं. त्यानं पुन्हा लाईट धरली. फिरत्या पुलीवरची खूण इंजिनावरच्या काट्यासमोर बरोबर येत होती.

तरी त्यानं ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर हातानं जरासा फिरवला. इंजिन एकदम मोकळं पळू लागलं. खूण मात्र काट्यापासून लांब गेली. त्यानं सवयीनं डिस्ट्रिब्युटर परत जागेवर आणला.

"आत्ता चांगलं वाजत व्हतं की," मामा म्हणाले. "परत कामून फिरवलं?"

"तसं ठेवलं तर लाईट चूक दाखवतेय, मामा."

हे बोलताना कुंदन स्वतःच थबकला. लाईट फक्त खूण दाखवते. खूणच चुकीच्या जागी असली तर?

इंजिन गार झाल्यावर त्यानं पहिला प्लग काढला, भोकात लांब स्क्रू-ड्रायव्हर सोडला आणि मामांना पुढून इंजिनाचं हँडल हळूहळू फिरवायला लावलं. स्क्रू-ड्रायव्हर वर वर आला आणि थांबला. पिस्टन अगदी वर होता. खूण आता काट्यासमोर हवी होती, ती चांगली दोन बोटं सरकलेली होती. पुलीच्या बाहेरच्या कड्याला आत रबर असतं. ते वाळून सुटलं होतं आणि खुणेसकट कडं फिरलं होतं.

दोष जुनं इंजिन विकणाऱ्याच्या माथी मारता आला असता. कुंदननं कपड्याला हात पुसले.

"चूक माझी हाय, मामा. इंजिन चढवायच्या आधी हे बघायला पाहिजे होतं. दोनदा हेलपाटा पडला तुम्हाला."

मामांनी वाकून ते कडं बोटानं हलवून पाहिलं. "हे चालत्या गाडीत निसटलं असतं तर?"

"पंखा, रेडिएटर, सगळं फोडलं असतं."

"मंग दुसरी पुली कुठं भेटन?"

"द्वारका चौकाकडं एकजण ठेवतो."

"चला मंग, काढा मोटारसायकल," मामा म्हणाले आणि टोपी नीट करत रस्त्याकडे निघालेसुद्धा.

दुपारी नवी पुली बसली, तिच्या खुणेवर टायमिंग मिळालं. पेठ रोडच्या चढावर दोनदा जाऊन आल्यावर कुंदननं बॉनेट उघडलं. मॅनिफोल्ड काळाच होता.