फळीच्या मापाचा दांडा

“तू मुद्दाम वाकतेस,” सुतार म्हणाला.

“हो तर! हौसच आहे मला वाकायची,” कांद्याच्या वाफ्यातून त्याची बायको म्हणाली.

मी कुंपणाअलीकडे माझ्या भाजीला पाणी देत होतो. शेजारच्या भांडणात मला बोलता येत नाही, म्हणून भिजलेलाच वाफा पुन्हा भिजवत राहिलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, वाकून खुरपणं बंद. बसताना, ओझं उचलताना, उभं राहताना पाठ सरळ हवी; नाहीतर पुढचं पीक अंथरुणातूनच बघावं लागेल. सुताराने घरी आल्या आल्या तिला दारात उभं करून माप घेतलं आणि खुरप्याला लांब दांडा बसवून दिला, उभ्याने खुरपता यावं म्हणून. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची. त्याचं माप कधी चुकलेलं नव्हतं. तरी ती वाकतच होती, आणि संध्याकाळी भिंत धरून उठत होती.

“पुस्तकी भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. वाकते ती काय मजा म्हणून?”

“मला त्यातलं फार कळत नाही वहिनी,” मी चाचरलो. “पण... दांडा आखूड वाटतो.”

“आखूड? माझं माप?” सुतार उसळला. “चला घरात, दाखवतो!”

चौकटीवर त्याने केलेली पेन्सिलची खूण होती. त्याची बायको चौकटीला टेकून उभी राहिली. खूण बरोबर तिच्या खांद्याशी आली. मी ओशाळलो. उगाच तोंड उघडलं असं झालं.

“आलाच आहात तर चहा घेऊन जा,” ती म्हणाली. पायाने स्टूल ओढलं, कण्हत त्यावर चढली आणि भिंतीवरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला.

सुतार बघत राहिला. “स्टूल कशाला लागतं तुला?”

“इतकी वर्षं या घरात जेवता आणि आज विचारताय? फळी उंच आहे म्हणून.”

“तुझ्याच मापाने ठोकलीय ती. लग्न झालं त्या वर्षी. तू हात वर करून उभी राहिलीस, हाताला पीठ होतं. भिंतीवर पांढरी बोटं उमटली, तिथेच खिळा मारला मी.”

“मग लाकूड वाढत असेल अजून,” ती हसली.

तो हसला नाही. चौकटीवरची खूण त्याने अंगठ्याने पुसून टाकली. माप चुकलं नव्हतं. वाकलेल्या बाईचं माप त्याने वाकलेलंच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी फळीवरून अंदाज धरून केलेला नवा दांडा घेऊन तो वाफ्यात आला. दांडा तिच्या कपाळाच्याही वर गेला.

“अगंबाई! ही कोण उंच बाई? कुणासाठी केलाय?”

“आहे, आपल्याच घरातली,” तो म्हणाला आणि मान फिरवून करवत शोधू लागला.

“थांबा. कापू नका.” तिने हात दांड्यावर वर सरकवला, आणखी थोडा. ओठ दाबले. पाठ वीतभर उचलली गेली, तिथेच अडली. दुखत असणार, तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण तशीच उभी राहून तिने खुरपं ओढलं आणि एक तण मुळासकट निघालं. “उरलेला राहू दे वर. कापलात तर माझी पाठ इथेच थांबेल.”

ती थांबत थांबत खुरपत राहिली. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून ठोकण्याचा आवाज आला.

दुपारी तिने मला चहाला हाक मारली. फळी खाली आली होती. वर भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं उघडी पडली होती, आणि सुतार ती बुजवायला पुट्टीचा डबा घेऊन उभा होता.

तिने जमिनीवर उभ्यानेच साखर काढली.

“राहू द्या ती भोकं,” ती म्हणाली. “तिथवर पोचत होता हात माझा.”

सुताराने पुट्टीच्या डब्याला झाकण लावलं. स्टूल उचलून तो बाहेर गेला. त्याचा चहा निवून गेला तरी आत आला नाही.