नाकापेक्षा टायर जड

"कापायच्या आधी चाक पूर्ण वळवून बघ. डावीकडे, उजवीकडे, आणि मग एक चाक उंचावर चढवून परत. सरळ रस्त्यावर काय, सगळंच बसतं."

व्हर्ल हे सांगायचा तेव्हा त्याचं डोकं कुणाच्या तरी गाडीखाली असायचं आणि आर्व्हिला शेजारी टॉर्च धरून उभी असायची. सगळा संसार तिने टॉर्च धरण्यात काढला. आता व्हर्ल राहिला नव्हता आणि टॉर्च धरता धरता आपल्यालाही काम येऊ लागलं, असा आर्व्हिलाचा समज झाला होता. साऱ्या भानगडीचं मूळ तिथे होतं.

व्हर्लच्या जुन्या पिकअपला तिने मोठे टायर बसवले होते. नुसते मोठे नव्हेत, दांडगे. जिल्ह्याच्या गावच्या टायरवाल्याने ते रिंगवर चढवून दिले, पुढचं सगळं हिने घरी केलं. चाकामागचे रबरी पडदे काढले, मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर गरम करून मागे दाबलं, उरलेलं कात्रीने कातरलं. चाकं चढवून ती जरा लांब जाऊन उभी राहिली. जुना पिकअप पाहुण्याचे बूट घालून आलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. तिला मात्र तो राजबिंडा वाटला.

"सिस्टर, गाडी उचलून घ्या आधी," शेजारचा थेन कुंपणावरून म्हणाला होता. "स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घाला. चार इंच उचला, मग टायर घाला. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

थेन तिच्याच चर्चचा, आणि तिथे सारे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत. त्याची स्वतःची गाडी इतकी उचललेली होती की त्याच्या बायकोला रविवारी स्कर्ट सावरत, देवाचं नाव घेत, कडीला लोंबकळून वर चढावं लागे.

"उचलायची नाही, ब्रदर थेन," आर्व्हिला हळू आवाजात म्हणाली. "लारूच्या खुब्याला तेवढी पायरी झेपत नाही."

लारू म्हणजे व्हर्लची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी, खुबा लोखंडी, जीभ त्याहून. तिचं पहिलं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं, ते विलो दरीतल्या जुन्या वस्तीच्या दफनभूमीत होतं. वस्ती केव्हाच उठली. तरी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सारं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला निघे तेव्हा, व्हर्ल बहिणीला पिकअपमध्ये बसवून दरीत नेई. शेवटच्या आजारपणात त्याने आर्व्हिलाकडून वचन घेतलं होतं, "लारूला बाळाकडे नेत जा."

गेल्या वर्षी पुराने दरीतला रस्ता खरवडून मध्येच एक खडकाची पायरी उघडी पाडली. पिकअपचं पोट त्या पायरीवर आपटलं आणि त्यांना मागे फिरावं लागलं. लारू मांडीवर पिओनीच्या फुलांची बादली घेऊन बसली होती. सारी वाट ती चकार शब्द बोलली नाही. लारू गप्प बसली, हे आर्व्हिलाच्या मनाला फार लागलं. तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

म्हणून हे टायर. टायरने गाडीचं पोट पायरीपुरतं वर येणार होतं, आणि दार लारूच्या आवाक्यात राहणार होतं. हिशोब बरोबर होता. आर्व्हिलाला तो इतका बरोबर वाटला की चर्चच्या बायकांच्या बैठकीत तिने तो रजईला टाके घालता घालता ऐकवलाही. "पुरुष उगाच गाडी उचलत बसतात," असंही ती म्हणाली. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून 'मला नम्र ठेव' असं मागणारी बाई ती. देवाने ऐकून घेतलं आणि सोय केली.

मधले पंधरा दिवस ती गावभर हिंडली. दूध आणायला गाडी, टपाल टाकायला गाडी, एकदा नुसती मीठ आणायला. कुठे काही घासलं नाही, कुठे आवाज नाही. येणार कसा? गाव वसवणाऱ्या पूर्वजांनी रस्ते असे रुंद आखले होते की बैलांच्या जोड्या जुंपलेला गाडा एका दमात उलटा फिरावा. बैल जाऊन पिढ्या लोटल्या, रस्ते तेवढेच राहिले. अशा गावात स्टिअरिंग पूर्ण वळवायची वेळ माणसावर येतच नाही.

ती आली रविवारी, चर्चच्या आवारात. एकच जागा रिकामी होती, दोन गाड्यांच्या मध्ये, अडनिडी. आर्व्हिलाने स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळवलं आणि पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या डुकराने ओरडावं तसा आवाज झाला. दारात हात मिळवत उभे असलेले सगळे वळून बघू लागले. तिने घाबरून उजवीकडे वळवलं. डुकराचा भाऊ ओरडला. शेवटी तिने गाडी तशीच तिरकी, फुलांच्या वाफ्यात एक चाक घालून सोडली आणि मान खाली घालून आत गेली. प्रार्थनेत तिने नम्रता मागितली नाही. ती मिळाली होती.

बाहेर पडताना थेन वाटच बघत होता.

"पुरुष उगाच उचलतात, नाही का, सिस्टर?"

"ऐकलंत वाटतं."

"आमची ही सांगत होती. उद्या दरीतल्या त्या नागमोडी वळणावर काय करणार? तिथे पूर्ण वळवल्याशिवाय गाडी निघत नाही."

हे तिलाही ठाऊक होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. टायर पत्र्यात रुतून फाटला तर मागेही येता येणार नाही. आणि आज रविवार. रविवारी हत्याराला हात लावायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम. व्हर्ल गेला त्या आठवड्यात गळणारा नळसुद्धा तिने सोमवारपर्यंत गळू दिला होता.

"बैल चिखलात रुतला तर विश्रांतीच्या दिवशीही काढावा, असं बायबलमध्ये आहे ना, ब्रदर?" तिने चाचरत विचारलं.

"बैल आपण होऊन रुतला तर," थेन म्हणाला. "तुम्ही तर त्याला मोठे बूट घालून स्वतः ढकललाय."

दुपारी लारूचा फोन आला. चर्चमधली बातमी तिच्यापर्यंत आर्व्हिलाच्या आधी पोचली होती.

"डुक्कर पाळलंयस म्हणे?"

"उद्यापर्यंत होईल सगळं ठीक, लारू."

"नाही झालं तर राहू दे गं. पुढच्या वर्षी जाऊ." मग जरा थांबून, "तोवर मी नसले तर मला तिथेच न्यावं लागेल ना तुम्हाला. तेव्हा कसाही रस्ता काढालच."

ती हसली. आर्व्हिलाला हसू आलं नाही.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. हत्याराला हात लावायचा नाही. पण पिठाला? पीठ रविवारीही मळतोच की आपण. तिने वाडग्यात कणीक सैलसर कालवली आणि पुढच्या टायरांच्या कडांना जाड थापली. मग एक चाक रस्त्याकडेच्या पाटाच्या बांधावर चढवलं आणि स्टिअरिंग इकडून तिकडे, शेवटपर्यंत, हळूहळू फिरवलं. हे काम नव्हे, नुसतं बघणं, असं ती मनाशी म्हणाली. देवाला फसवता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. समजून घेईल एवढी आशा होती. थेनचा कुत्रा येऊन एका टायरची कणीक चाटून गेला. तिने पुन्हा थापली.

जिथे टायर घासत होता तिथे पांढरे डाग उमटले. दोनच जागा. चाकामागे दाराखाली पत्र्याची जी उभी शिवण असते ती, आणि पुढच्या बंपरची दोन्ही टोकं.

शिवणीचं तिला काही वाटलं नाही. बंपर बघून मात्र ती बांधावरच बसली. त्या बंपरला व्हर्ल दर शनिवारी जुन्या बनियनने पुसायचा. लग्नाच्या वाढदिवसापेक्षा त्याच्या ते जास्त लक्षात असे.

सोमवारी उजाडता उजाडता तिने प्रार्थना केली, नेमाचं वाचन केलं, आणि व्हर्लचा जड हातोडा घेतला. चाकं उतरवून शिवण ठोकून आडवी केली, उघड्या पत्र्याला रंग लावला. मग बंपरवर खडूने तिरकी रेघ मारली, डोळे मिटले, उघडले, आणि ग्राइंडर सुरू केला.

आवाजाने थेन सपाता घालून कुंपणाशी आला.

"चार इंच उचलली असतीत तर—"

"ब्रदर थेन, मी चाकं चढवली की आत बसाल का? मी खालून बघते, तुम्ही वळवा."

तो बसला. आर्व्हिला जमिनीवर आडवी झाली. आता टॉर्च तिची तिच्याच हातात होती.

"डावीकडे. अजून."

"मी काय म्हणत होतो, सिस्टर—"

"तोंड नको, स्टिअरिंग. अजून. आता बांधावर चढवा. उजवीकडे."

टायर आणि पत्रा यांच्यात तिने बोट घालून पाहिलं. बोट गेलं. करंगळी नव्हे, चांगला अंगठा गेला.

थेन उतरून बंपरकडे बघत राहिला. दोन्ही टोकं तिरकी कापलेली, एक जरा जास्तच.

"समसमान नाही आलं," तो म्हणाला.

"नाही आलं," आर्व्हिला म्हणाली. "व्हर्लने पाहिलं असतं तर जेवला नसता."

थेनने घरात जाऊन आपला गाडी ओढायचा दोर आणला आणि न विचारता पिकअपच्या मागे टाकला.

लारू हॅट घालून आपल्या घराच्या पायरीवर बसली होती. पायाशी पिओनीची बादली, मांडीवर अंड्याच्या सँडविचचा डबा. तिने आधी टायर पाहिले, मग बंपर.

"काय गं, उंदरांनी खाल्ला?"

"मी खाल्ला."

लारूने दाराला हात घातला, चांगला पाय आत टाकला, लोखंडी खुबा मागून ओढला, आणि बसली. आर्व्हिलाने आणलेलं स्टूल तसंच फाटकाशी राहिलं.

"बादली मांडीवर नको," लारू म्हणाली. "गेल्या वेळी मांडीवर होती."

आर्व्हिलाने बादली दोघींच्या मधे ठेवून पट्ट्याने बांधली. दरीचा रस्ता मागच्या अंगाला होता. रुंद, मोकळ्या रस्त्यात तिने विनाकारण स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. गाडी एका दमात उलटी फिरली. काही घासलं नाही. आर्व्हिलाने चाक सरळ केलं आणि गाडी दरीच्या वाटेला लावली.