कापलेली टोकं

आलेखाच्या कागदाच्या कोपऱ्यावर आईच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा उमटलेला, आणि तोही नेमका त्या घंटेच्या आकाराच्या वक्राच्या शेपटीवर — जिथे काहीतरी असायला हवं होतं आणि काहीच नव्हतं. वैष्णवी सकाळपासून तिथेच बघत बसली होती. डोकं पार उठलं होतं तिचं.

हिवाळाभर तिने सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात यंत्र धरून पाण्याचा वेग क्षणाक्षणाला नोंदवला होता. खवळलेल्या पाण्याचा स्वभाव आकड्यांतून काढायचा, हा तिचा पीएच.डी.चा विषय, आणि उद्या तो विद्यापीठात सगळ्यांसमोर मांडायचा. पण हे समोरचं संख्याशास्त्राचं पुस्तक... सरासरी काढा, म्हणे, आणि ती वजा करा. उरलेल्या चढउतारांची सरासरी शून्य येते. येणारच की, वरचे-खालचे एकमेकांना खाऊन टाकतात. मग वर्ग करा. त्यानेही पुरतं कळत नाही, म्हणून लगतच्या दोन क्षणांतला फरक घ्या, त्याच्या चौथ्या घाताची सरासरी काढा आणि तिला वर्गांच्या सरासरीच्या वर्गाने भागा — तेव्हा कुठे ते क्वचित येणारे मोठे झटके बोलायला लागतात. निव्वळ योगायोगाच्या चढउतारांचं उत्तर तीन येतं. खवळलेल्या पाण्याचं त्याहून बरंच मोठं यायला हवं. तिचं बराबर तीन आलं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांना तो गुळगुळीत वक्र फार आवडला होता, आणि ती मूर्खासारखी खूश झाली होती.

"काहून कागदात डोकं घालून राहिलीस? जेवून घे," तिची आई, नर्मदाबाई, दारातून म्हणाल्या. "हळद शिजवून तुझे बाबा येतीलच. मंग चिडतील."

"चिडतील?"

"तसे न्हाई गं चिडत ते. सालात एखाद् वेळी. बाकी देवमाणूस हाय."

सरासरीने. सरासरीने तिचे बाबा, तातेराव, देवमाणूसच — तिच्या वह्यांना स्वतः कव्हरं घालणारे, ती पहिली आली तेव्हा अख्ख्या कुरुंदा गावात पेढे वाटणारे... आणि एका वर्षी हळद जास्त शिजली म्हणून उकळत्या पाण्याची बादली भिरकावणारे. आईचा पाय. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच चहा केला, सगळ्यांना हातात आणून दिला, आणि तो चहा प्यायला की आदला दिवस झालाच नाही, असा या घराचा रिवाज होता. आईने शेजारणींना सांगितलं, पाय घसरला. शाळेत वैष्णवीनेही तेच सांगितलं. कोणी सांग म्हटलं नव्हतं.

कोणी म्हटलं नव्हतं... तिने चिडून मूळ नोंदी उघडल्या. सुरुवातीला त्यांत उंच टोकं होती की. यंत्रात कचरा अडकला असेल, असं स्वतःच ठरवून तिने ती पहिल्याच संध्याकाळी कापली होती आणि दोन्ही बाजू सरळ रेषेने जोडल्या होत्या, इतक्या सफाईने की सरांनाही शंका आली नाही. एखाद् वेळी कचरा असेलही. पण दरवेळी? तिने टोकं परत आत घातली आणि पुन्हा हिशेब लावला. उत्तर अकराच्या पुढे गेलं.

म्हणजे सगळा प्रबंध पुन्हा मुळापासून. उद्या सरांना काय तोंड दाखवायचं, मीच साफ केलं म्हणून सांगायचं? आणि काहून केलंस, असं त्यांनी विचारलं तर? वैताग नुसता. फोन हातात घेतला, खाली ठेवला. जुना कागद अजूनही समोरच होता. तोच दाखवला तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

अंगणात चपला वाजल्या. तातेराव दारात उभे, कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू.

"अजून अभ्यासच का बाळा? दमलीस. चहा ठेवू का तुला?"

किती मायेने विचारलं त्यांनी. आणि त्याआधीच, चपला वाजल्या तेव्हाच, तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. एरवी ती ते लगेच खाली घेते, तिला कळतही नाही.

"ठेवा," ती म्हणाली.

खांदे तसेच होते. तिने ते तसेच राहू दिले.